चुन्याची अक्षरं

आमच्याकडे तोफा नव्हत्या, म्हणजे होत्या थोड्या,
पण पाहुण्यांसमोर काढाव्यात अशा नव्हत्या.
म्हणून डब्लिनहून हुकूम आला:
कड्याच्या टोकावर दगडांनी देशाचं नाव लिहा,
ढगातून जाणाऱ्याला वाचता येईल एवढं.

दगड खाडीतून गाढवावर आणले.
मी, फेस्टस लावेल, आणि सॅबिनाचे दोघे भाऊ.
अक्षरं चारच, पण एकेक घराएवढं.
चुना पोतला तेव्हा बोटांना भेगा पडल्या,
मेंढ्या चार दिवस तिकडे फिरकल्या नाहीत.
पहिल्या अक्षराच्या डोक्यावर आमच्या भाषेत
एक तिरकी रेघ असते. ती राहून गेली.
शाळेचे मास्तर सायकल ढकलत वर आले, धापा टाकत म्हणाले,
बॉम्ब टाकणाऱ्याला कळो न कळो,
शुद्धलेखन आपलं आहे.
संध्याकाळी रेघ मारली.

मग आम्ही बघत बसलो. वर्षानुवर्षं.
सिमेंटची खोपटी, दुर्बीण, टेलिफोन, वही.
*रात्री दोन दहा. विमान एक. वायव्येकडे. कोणाचं, कळलं नाही.*
*पहाटे. गलबत जळताना. फार दूर.*
*सकाळी. रबराचे गठ्ठे तीन, संत्र्यांची पेटी एक,*
*माणूस एक. पायात बूट नाहीत.*
त्याला आम्ही पुरलं, पाद्र्याने विचारलं, कोणत्या बाजूचा?
फेस्टस म्हणाला, पश्चिमेच्या. लाटेने आणला तिकडून.

चहा माणशी अर्धा औंस, आठवड्याला.
सॅबिना तीच पत्ती खिडकीत वाळवून
पुन्हा उकळायची, मग तिसऱ्यांदा,
आणि रंग नसलेल्या त्या पाण्याला
तटस्थ चहा म्हणायची.
तिचा थोरला भाऊ मार्टी समुद्रापलीकडे जाऊन
इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला.
रजेवर यायचा तो साध्या कोटात,
गणवेश पलीकडच्या बंदरातच पेटीत ठेवून.
बोटीत पाय ठेवला की तळ्यात,
धक्क्यावर उतरला की मळ्यात.
बापाने त्याच्या बापाला ज्या इंग्रजांविषयी सांगितलं होतं
ते जेवताना कोणी काढायचं नाही.
बटाटे सोलायचे, मुकाट.

चव्वेचाळीसच्या आसपास साहेब आला.
नावाशेजारी एक आकडा लिहा म्हणाला.
कशाला?
साहेब समुद्राकडे बघत राहिला.
प्रत्येक कड्याचा आकडा वेगळा आहे म्हणे,
नकाशात असेल ज्याच्याकडे, त्याला वाट सापडेल.
नकाशा कोणाकडे आहे
हे त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
पुन्हा दगड, पुन्हा गाढव, म्हातारं झालेलं,
पुन्हा चुन्याची बादली.
परतताना फेस्टस पहिल्यांदा हसला:
एवढा चुना लावला आपण, पण लावला कोणाला?

त्या शरद ऋतूत दलदलीत एक विमान उतरलं.
पाच पोरं, भिजलेली, च्युइंगम चघळणारी.
सॅबिनाने तिसऱ्या उकळीचा नव्हे,
पहिल्या उकळीचा चहा दिला, सगळ्यांचा मिळून एक आठवडा त्यात गेला.
अंधार पडल्यावर लॉरी आली आणि
रस्ता चुकलेल्या सोयऱ्यांना पोचवावं तसं
त्यांना उत्तरेच्या सीमेवर सोडून आली.
आदल्या वर्षी खाली आलेली दुसरी पोरं,
निळ्या डोळ्यांची, तितकीच भिजलेली,
अजून तारेच्या कुंपणात फुटबॉल खेळत होती.
त्यांनाही सॅबिनाने चहा दिला होता.
कितव्या उकळीचा, ते मी सांगणार नाही.

वही माझ्याकडे आहे. तिला कोणी मागायला आलं नाही.
त्या दिवसाच्या पानावर फेस्टसचं अक्षर,
एकही रेघ न विसरलेलं:
*वारा नैर्ऋत्य. दृश्यमानता चांगली.*
*नोंद करण्यासारखं काही नाही.*